दाराआडचा आवाज

चाकणच्या एका कंपनीत पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या हिंदुरावांचं सुनेबद्दल एकच मत होतं: पोरगी घुमी आहे. करिष्माला रहाटणीच्या घरात येऊन आठ महिने झाले, तरी सासऱ्यांशी तिचं धड बोलणं नव्हतं. तिनेही नवऱ्याला, गणराजला, सांगून टाकलं होतं की मामांना मी पसंत नाही, काही विचारलं तर पेपरातून मानही वर करत नाहीत. गणराज भाड्याची खोली बघायला लागला. एकुलता मुलगा घराबाहेर पडणार, म्हणून हिंदुरावांना जेवण जाईना.

त्याच आठवड्यात कंपनीत कामगारांच्या कानांची वार्षिक तपासणी आली. कानात घालायचे बोळे हिंदुरावांच्या गळ्यात लोंबत असत. साहेब लोक बघायला आले की तेवढे कानात. प्रेसचा ठोका बदललेला कानाला कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कानाचे तिखट म्हणून खात्यात नाव होतं.

तपासणीच्या बाईंनी दहा शब्द सांगितले. नऊ बरोबर आले. मग तोंडापुढे कागद धरून, तेवढ्याच आवाजात, दुसरे दहा सांगितले. चार आले.

बाईंनी समजावलं. कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यात ऐकणाऱ्या नाजूक पेशी. बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी दाराशीच असतात. वर्षानुवर्षांच्या दणक्याने त्या आधी मरतात आणि परत येत नाहीत. जाड आवाज टिपणाऱ्या आत असतात, त्या टिकतात. म्हणून प्रेस ऐकू येतो, पण बोलण्यातले बारीक आवाज गळतात आणि ते अर्धंच पोचतं. उरलेलं मेंदू भरून काढतो, समोरच्याचे ओठ बघून आणि सवयीने.

"बायकोचं तर सगळं कळतं मला," हिंदुराव म्हणाले.

"किती वर्षं झाली लग्नाला?"

"तीस."

"मग त्या काय बोलणार हे मेंदूला पाठ आहे, काका."

बसमध्ये ते सुनेचा चेहरा आठवू लागले. आठवली ती तोंडापुढे ओढलेली ओढणी. सासऱ्यापुढे उभं राहायचं नाही, दाराआडून, खालमानेनं, हळू बोलायचं, ही शिस्त त्यांच्या बायकोने, कुसुमताईंनी, पहिल्याच दिवशी लावली होती. पोरगी ती बिनचूक पाळत होती.

घरी येऊन त्यांनी टीव्ही बंद केला आणि स्टूल थेट स्वयंपाकघरात नेलं. तिथं कशाला बसताय, असं कुसुमताई म्हणाल्या. कान गेलेत, मशीन लागणार, असं हिंदुरावांनी एका दमात सांगितलं आणि सुनेकडे वळले.

"माझ्याकडं बघून बोलत जा, पोरी. आठ महिने तू काय बोललीस, मला ठाऊक नाही."

करिष्माने सासूकडे पाहिलं. सासूबाई कुकरकडे बघत होत्या. मग तिने ओढणी मागे सारली.

"रोज सकाळी विचारते, मामा, चहात साखर किती घालू. तुम्ही बोलत नाही, म्हणून घालतच नाही."

बिनसाखरेचा चहा हे बायकोने लावलेलं पथ्य समजून हिंदुराव मुकाट पीत आले होते.

"दोन चमचे," ते म्हणाले. "आणि गण्याला सांग, खोलीचं जरा थांब म्हणावं."

करिष्माने नुसती मान हलवली नाही. त्यांच्याकडे बघत, सावकाश म्हणाली, "सांगते."