गाडीतलं वन्संचं ठिकाण

मुलांनो, गाडी उद्या विकायची म्हणून तिच्यात साठवलेली ठिकाणं पुसताना भवानीनगरजवळच्या वस्तीशी माझा हात थांबला. नकाशात नसलेली ती वस्ती तुमच्या आजोबांनी स्वतः गाडीच्या यादीत भरली होती, थोरल्या बहिणीच्या घराला थट्टेनं ‘कटकट कंपनी’ नाव देऊन. त्यानंतर पहिल्यांदा तिथं गेलो, तेव्हा साखर कारखान्याच्या मळीचा वास सुटला होता. वन्सं भाकरतुकडा घेऊन खिडकीशी आल्या आणि गाडीतला वाट सांगणारा आवाज मोठ्यानं म्हणाला, ‘तुम्ही कटकट कंपनीला पोहोचला आहात.’ वन्संनी भावाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. ‘शिकल्याली हाईस तू. तोंडावर म्हणायचं व्हतंस की गं!’ आजोबा समोरच्या उसाकडे बघत राहिले. मी शरमेनं मान खाली घातली. भाकरतुकडा त्यांनी एकट्या भावावरून ओवाळून टाकला. आजोबा गेले. वन्सं आहेत, आणि ते नाव मीच ठेवलं हा त्यांचा समजही आहे.