जयेशची बंद केलेली टेस्ट

भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आई दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधते, तेव्हा तिची सगळ्यात जास्त टिंगल मीच करते. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर माझा राग नाही... साहेब हसले, त्याचा मात्र अजून येतो.

काशीमीऱ्याला हायवेलगत आमचं छोटं ऑफिस होतं – खाली टेम्पोचं गॅरेज, वर आम्ही मोजकी माणसं. लिफ्ट चालवणारी सर्किट बनवायचो. सर्किट प्रत्यक्षात उतरण्याआधी व्हेरिलॉग नावाच्या कोडच्या भाषेत टेस्टबेंच लिहायची – म्हणजे कॉम्प्युटरवरच खोटी खोटी बटणं दाबून त्याला छळायचं आणि कुठे चुकतंय ते बघायचं. सर्किटचा कोड साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, स्वतः लिहिलेला, टेस्टबेंच जयेशची. जयेश भाईंदरच्या मोरव्याचा, कोळ्याचा मुलगा. एरवी आमच्यासारखंच बोलायचा, पण चिडला की गावची बोली बाहेर पडायची.

त्याची एक टेस्ट कायम फेल व्हायची. दार उघडायचा आणि लिफ्ट वर बोलवायचा सिग्नल नेमका एकाच क्षणी आला, तर दार उघडं असतानाच मोटर चालू! क्लायंटचा डेमो जवळ आला तशी साहेबांनी सर्किट सुधारायचं सोडून ती टेस्टच कमेंट करून टाकली. म्हणजे कोडमध्ये दिसते, पण चालत नाही. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड... फेल होणारी टेस्ट झाका, रिझल्ट हिरवागार.

"लिफ्ट में ऐसा कौन करता है, जयेश?" साहेब म्हणाले.

"मुद्दाम कोन करत न्हाय, साहेब. पन झालं तर मानूस मरंल!"

साहेबांनी कानाडोळा केला. जयेश माझ्या टेबलापाशी येऊन चरफडला, "ताई, तुम्ही तरी सांगा त्यांना." मी सांगितलं. मलाही उडवून लावलं.

नंतर थोड्याच दिवसांत साध्या तापाचं निमित्त झालं आणि जयेश गेला. टेस्टबेंच माझ्याकडे आली.

पहिल्याच दिवशी, डबा खाऊन झाल्यावर मी ती रन केली. फेल. तीच टेस्ट! वाटलं, कमेंट कोणीतरी काढली असेल. उघडून बघितलं – जशीच्या तशी. जुन्या फाइल्स उडवल्या, नव्याने कंपाइल केलं, पुन्हा रन. स्क्रीनवरच्या आलेखात दोन्ही सिग्नल एकाच क्षणी वर चढलेले, म्हणजे चालू, आणि खाली मोटरही चालू. ते सिग्नल देणारी एकही ओळ कोडमध्ये जिवंत नव्हती. मग चढवले कोणी? भर दुपारी, खाली गॅरेजात ठोकाठोक चालू असताना मी खुर्ची मागे सरकवून उठले.

साहेबांना बोलावलं. ते माझ्याच खुर्चीत बसले, रन केलं. पास! ते केबिनमध्ये गेले, मी रन केलं – फेल. धावत जाऊन पुन्हा आणलं, तर पुन्हा पास. स्क्रीनशॉट दाखवला, तर म्हणे जुना असेल.

"मॅडम, जयेश का दुख समझता हूँ मैं," ते हसून म्हणाले. "थोड़ा आराम करो."

सर्किट पास झाल्याची सही मी देणार नाही म्हटलं, तेव्हा तो आराम कायमचाच झाला. सही दुसऱ्याने केली. लिफ्ट कंपनीला मी स्वतः फोन केला. त्यांनी चौकशी केली ती साहेबांकडेच. आता ते सर्किट कुठल्या बिल्डिंगमध्ये बसलंय, त्यातून कोणाची आई, कोणाची पोरं वर-खाली करतायत, मला कोणी सांगत नाही.

टेस्ट चालवणाऱ्या सिम्युलेटरचाच बग असेल, असं एक मैत्रीण म्हणते. असेलही. पण बग माणूस बघून येतो का?

आणि खरं सांगू? साहेबांइतकाच राग जयेशवर येतो. मेल्यावर एवढ्या लांबून यायचंच होतं, तर माझ्याकडे कशाला आलास रे बाबा? मला तर तू जिवंत असतानाच पटलं होतं.