मावशीच्या तागावर मी औषध मारलं

आज सकाळी साडेसातला वडिवळ्यात मी पाठीवर पंप घेऊन बांधावरच्या तागावर औषध मारत होतो. ताग शेजारच्या हिराबाई मावशींचा, त्याला लागून भात माझं.

तागाच्या फुलांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या चढल्या होत्या. काळ्या ठिपक्यांचे नारिंगी पतंग उडत होते. त्या अळ्या माझ्या भातात उतरतील, या भीतीने मी मावशींना विचारलंसुद्धा नाही.

अकराला कामशेतच्या बाजारात गेलो, तर मावशी मी गेल्यावर तोडलेली तीच तागाची फुलं भाजीसाठी विकत बसलेल्या. तीन वेळा नुसताच समोरून गेलो. चौथ्यांदा सांगितलं, "मावशी, इकू नका. सकाळी मी त्याच्यावर औशद मारलंय."

त्यांनी पाटी मागे ओढली. "आरं, ती अळी भाताला तोंड लावत न्हाई. तिला ताग न्हाईतर माळावरचं खुळखुळ्याचं झुडूपच लागतं. इतक्या वर्सांत कदी उतरली का तुज्या भातात?"

शेजारची भाजीवाली म्हणाली, "मोबाइलवर लय वाचतो की ह्यो! तितं न्हाई दिसलं व्हय रं?"

खरं तर तिथेही तेच लिहिलंय. ती अळी टायगर मॉथ जातीच्या पतंगाची आहे. पण मी हे औषध मारल्यावर वाचलं.

मी सांगेपर्यंत दोघींनी फुलं विकत नेली होती. एक रिक्षाजवळ सापडली, तिच्याकडून परत घेतली. दुसरी, हिरव्या लुगड्यातल्या आजी, कान्हे गावाच्या बाजूला गेल्या.

कान्हे, कामशेतकरांनो, आज तुमच्या घरी तागाची फुलं आली असतील तर शिजवू नका. त्या आजी कुणाच्या ओळखीच्या आहेत का? मला शिव्या नंतर द्या, आधी त्यांना फोन करा.