पूर्वेस रेल्वेची हद्द

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे रुपराव, यांच्या इमानदारीनं मले लग्नाच्या दिवशीच उपाशी ठेवलं. लग्न त्यांच्याच दारी होतं. पंगतीच्या भातासाठी कोण्या पाव्हण्यानं इंजिन शेडातून दोन पोती कोळसा आणला होता. मामाजींनी पोतं उघडून पाहिलं, "हा रेल्वेचा आहे," म्हणाले, अन् दोन्ही पोती सायकलवर लादून परत पाठवली. भात कच्चा राहिला. वऱ्हाडी तसाच जेवले, अन् मी नवरी, माझ्यापर्यंत तर तोही आला नाही. या घरात पोट नंतर अन् रेल्वे आधी, हे मले तेव्हाच समजलं.

मामाजी छोट्या लाईनवर कीमॅन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज रुळांवरून चार-पाच मैल चालायचं, अन् रूळ धरून ठेवणारी एखादी चावी, म्हणजे लोखंडी पाचर, ढिली झाली असली तर ठोकून घट्ट करायची, हे कीमॅनचं काम. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. एकदा चुकून एक बोल्ट खिशात राहिला अन् घरी आला. मामाजी भरल्या ताटावरून उठले अन् उन्हात तीन मैल पायी जाऊन परत करून आले. माझी सासू रुखमाबाई, तिले मी आत्याबाई म्हणते, ती म्हणाली, "उद्या डुटीवर जाताना नेला असता तर रेल्वे पालथी झाली असती का?" तर म्हणतात, "रात्रभर चोरीचा माल घरात ठेवू का मी?"

अशा माणसाचं घर कुठी असावं? जरीपटका वस्तीच्या अलीकडे, छोट्या लाईनले अगदी खेटून. धर्मांतराच्या दुसऱ्या वर्षी, सत्तावन्न साली, धोंडबा नावाच्या माळ्याकडून त्यांनी ही जागा घेतली. रजिस्ट्रीत चारही बाजू लिहिल्या होत्या. उत्तरेस शेजारीण तुळसाबाईचं घर, दक्षिणेस गल्ली, पश्चिमेस रस्ता अन् पूर्वेस रेल्वेची हद्द. अन् लांबी? "अंदाजे." बस, एवढंच. हद्द कुठी आहे ते रेल्वेचा खांब सांगे. खांब म्हणजे जुन्या रुळाचा उभा गाडलेला तुकडा, पांढरा रंग दिलेला. खांबाच्या तिकडे रेल्वे, इकडे आपण. फीत लावून कोणी कधी मोजलं नाही.

मामाजी रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर साली, रेल्वेनं आपली जागा मोजायले काढली. वर्क इन्स्पेक्टर महादेवराव दोन माणसं अन् चुन्याचं घमेलं घेऊन आले. आमचा खांब होता स्वयंपाकघराच्या बाजूले, भिंतीच्या आडोशात, मोरीपाशी. त्या खांबापासून त्यांनी रुळाले समांतर सरळ रेघ मारली. रेघ माझ्या स्वयंपाकघरातून गेली. चूल रेल्वेत, पाण्याचा माठ आमच्याकडे. मोरी रेल्वेत. मागची खोली, जिथी मी, माझा नवरा गोविंदा अन् आमची तान्ही पोर झोपत होतो, ती पुरी रेल्वेत.

मी म्हटलं, "साहेब, दोन्ही बाजूच्या घरांपाशी तुमची हद्द सरळ जाते, अन् आमच्याच घरी पाहुणी आल्यासारखी आत काहून येते?"

"रेल्वेनं कधी माती काढायले जास्तीची जागा घेतली असेल," महादेवराव म्हणाले. ते मामाजींना जुने ओळखत होते, त्यांचाही जीव खालीवर होऊन राहिला होता. "रुपरावजी, मले वाईट वाटून राहिलं. पण खांब जिथी, तिथी हद्द. तीस दिवसांत जागा खाली करा."

अन् आमचे मामाजी काय म्हणाले असतील? "बराबर आहे साहेब."

माझ्या तोंडून जे निघालं असतं ते मी पदर तोंडात कोंबून आत ढकललं.

गोविंदा वकिलाकडे धावला. वकिलानं रजिस्ट्री पाहिली, लांबी वाचली, अन् कागद परत गोविंदाच्या हातात दिला. म्हणाला, "अंदाजे म्हणजे खांब म्हणेल तेवढी."

पाचव्या दिवशी सकाळी मी पोरीले पाजून राहिली होती, तर धाडकन आवाज आला. जाऊन पाहते तर मामाजी लोखंडी सब्बल घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीले भिडले होते! माझे तिखटमिठाचे डबे खाली पडले, हळद सगळीकडे.

"मामाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"रेल्वेनं येऊन पाडावं म्हणजे नामुष्की आहे. आपणच सोडून देऊ. रेल्वे चुकत नसते."

त्यांनी सब्बल पुन्हा उचलली. तशी आत्याबाई भाकरीच्या पिठाच्या हातांनी धावत आली अन् तिनं सब्बल धरली. "थांबा म्हणते ना! खांब मी हलवला."

मामाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जशी ती चिनी भाषेत बोलली.

"त्रेसष्ट साली तुम्ही बदलीवर नागभीडले होते," आत्याबाई म्हणाली. "खांब तिकडे लाईनीपाशी होता. मी त्याले दोरी बांधून कपडे वाळवत होती. इंजिन गेलं की काजळी! तुमचा विहारात घालायचा पांढरा सदरा धुतला की काळा, पुन्हा धुतला की पुन्हा काळा. त्या वर्षी पावसानं खांब ढिला झाला. मग मी अन् तुळसाबाईनं उचलला अन् इकडे आडोशाले आणून गाडला."

"रेल्वेचा खांब?" मामाजींनी विचारलं.

"मग दुसरा कोणता होता? घरात खिळा तरी आणू दिला का कधी तुम्ही?"

मामाजी तिथीच हळदीत बसले. "अन् मले पंधरा वर्षं दिसला नाही?"

"पंधरा वर्षं त्याच दोरीवरून सदरा काढून घालून राहिले. दिसला नाही तर मी काय करू?"

माय वं! मैलभर दुरून ढिली चावी ओळखणारा माणूस, अन् घरचा खांब पंधरा फूट सरकला ते याले कळलं नाही. मले हसू आवरेना अन् रडूही आवरेना. पण हसण्याची गोष्ट नव्हती. खरं सांगितलं तर घर वाचत होतं, पण रेल्वेचा माल उपटला म्हणून रेल्वे पोलीस आत्याबाईले नेतील. नाही सांगितलं तर घर जात होतं. तुळसाबाईनं तर येऊन सांगितलंच, "रुखमा, माझं नाव घेशील तर पाह्य!"

गोविंदा म्हणाला, "बाबा, गुपचूप काढून जुन्या जागी गाडून टाकू ना. कोण पाहते?"

"एक चोरी झाकायले दुसरी चोरी?" मामाजी ओरडले. दोन दिवस आत्याबाई वरून हसत होती, पण मले तिनं लोणच्याची बरणी कुठी आहे ते दाखवलं. "मी नसली तर मामाजीले सकाळी आंबील देत जा, पातळ नको करू, त्यायले घट्ट लागते," म्हणाली. मले तिची इतकी दया आली, की दोन वर्षांची सगळी भांडणं मी त्या दिवशी माफ करून टाकली.

तिसऱ्या दिवशी महादेवराव जीपनं पाहायले आले, की जागा खाली होऊन राहिली का नाही. मामाजी धुतलेला पांढरा सदरा घालून अंगणात उभे राहिले, शाळेत उभं राहतात तसे ताठ. म्हणाले, "साहेब, खांब मी हलवला."

महादेवराव हसलेच. "तुम्ही? रुपरावजी, एका बोल्टासाठी तुम्ही तीन मैल चालत आले होते."

"मीच हलवला. मले पकडा."

"कधी हलवला?"

"त्रेसष्टच्या पावसाळ्यात."

"त्रेसष्टच्या पावसाळ्यात तर तुम्ही नागभीडले होते, माझ्याच हाताखाली. एक खाडा नाही तुमचा."

"रविवारी आलो होतो."

"बरं. काहून हलवला?"

या प्रश्नाचा मामाजींनी विचारच केला नव्हता. ते आभाळाकडे पाहून म्हणाले, "असाच."

"असाच? वीस-बावीस किलोचं लोखंड?"

"मले आवडला तो खांब."

गोविंदानं कपाळावर हात मारला. महादेवरावांनी विचारलं, "मग पहिले कुठी होता?" आता ते तर आत्याबाईलेच माहीत! मामाजींनी आधी तुळसाबाईच्या घराकडे बोट दाखवलं, मग गोविंदाचं तोंड पाहून गल्लीकडे दाखवलं. घामानं सदरा अंगाले चिकटला होता. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईसाठी माणूस खोटं बोलून राहिला होता, अन् ते त्याले काडीचं जमत नव्हतं.

आत्याबाईले पाहवलं नाही. ती दारातून बाहेर आली. "बाजूले व्हा. येत नाही तर काहून बोलता? साहेब, मी हलवला. नेता तर मले न्या." अन् तिनं काजळीपासून सदऱ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

महादेवरावांचा विश्वास बसेना, की बायांनी हा खांब उचलला. "उचलून दाखवते ना!" म्हणत आत्याबाईनं पदर खोचला. तुळसाबाई कुंपणापाशी कान लावूनच होती. नाव घेऊ नको म्हणणारी बाई, पण "हिच्यानं एकटीनं कुठी होते!" म्हणत स्वतःच धावत आली. दोघींनी खांब हलवून हलवून उपटला अन् धापा टाकत लाईनीकडे नेला. मग जागेवरून भांडण.

"अठी होता वं."

"नाही वं बाप्पा, तिकडे! माझा पाय तिथीच मुरगळला होता."

तुळसाबाईच्या मुरगळल्या पायावर भरवसा ठेवून गोविंदानं खणलं. हातभर खाली गिट्टी लागली, चुन्यात घट्ट बसवलेली, अन् मधोमध खांबाच्या मापाचं भोक. महादेवरावांनी रुळापासून फीत लावली. पन्नास फूट. तुळसाबाईचा खांब पन्नास फूट, गल्लीपलीकडचाही पन्नास फूट.

महादेवराव डोकं खाजवून म्हणाले, "म्हणजे पंधरा वर्षं रेल्वेच तुमच्या जागेत घुसून बसली होती."

"मग रेल्वेले नोटीस कोण देते?" आत्याबाईनं विचारलं. जीभ जागेवर आली होती तिची.

महादेवरावांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, की हद्दीचा खांब मूळ जागी बसवला आहे अन् घर हद्दीच्या बाहेर आहे. खाली मामाजींची सही पाहिजे होती. मामाजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "साहेब, कोणी हलवला ते नाही लिहिलं यात."

मी पोरीले इतकं घट्ट धरलं की ती रडायले लागली. आता हा माणूस हातचं घर घालवते, मले पक्कं वाटलं.

"रुपरावजी," महादेवराव हळूच म्हणाले, "यात लिहिलं ते खोटं आहे का?"

"नाही."

"मग सही करा."

मामाजींनी सही केली. घर वाचलं. गोविंदानं दुसऱ्याच दिवशी पडकी भिंत बांधायले घेतली, गल्लीत सगळ्यांनी तोंड गोड केलं. फक्त मामाजींचं तोंड उतरलेलं. जेवले नीट नाहीत, फिरायले गेले नाहीत. मले तर रागच आला. अरे बाप्पा, छप्पर वाचलं, बायको वाचली, आता आणखी काय पाहिजे तुमाले?

रविवारी आम्ही सगळे विहारात गेलो. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. भंतेजी पुढे म्हणतात, आपण मागून म्हणायचं. पहिली तीन शीलं मामाजींनी नेहमीसारखी मोठ्यानं म्हटली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. मामाजींचे ओठ मिटले. हात जोडलेले, मान खाली, अन् डोळ्यांतून पाणी. तेव्हा मले समजलं, त्यांचं काय मोडलं होतं ते. अन् मी इतके दिवस त्यांच्यावर चिडून राहिली होती, त्याची मले लाज वाटली.

सगळे चौथं म्हणून थांबले. भंतेजी पाचव्याकडे वळून राहिले होते, तेवढ्यात आत्याबाईनं एकटीनं, खणखणीत आवाजात, चौथं पुन्हा म्हटलं. पुरा विहार वळून पाहायले लागला. भंतेजीही थांबले.

बाहेर आल्यावर मामाजींनी चपला घालता घालता विचारलं, "दोनदा काहून म्हटलं वं?"

"एक माझं होतं," आत्याबाई म्हणाली, "अन् एक तुमचं. माझ्यापायीच मोडलं ना ते."