‘लपवून’ खोडा, सायब

त्या संध्याकाळचा विषय निघाला की मला आधी माझा उजवा हात आठवतो. पोलीस खात्यातल्या साऱ्या नोकरीत या हातानं असंख्य सह्या केल्या, वरिष्ठांना सलाम ठोकले, आणि एकदा एका निरपराध माणसाच्या कानशिलात लगावली. ती थप्पड मी विसरलेलो नाही. तरीही ती घटना आठवली की मन प्रसन्न होतं. असं का, ते सगळी हकीकत सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि मी साताऱ्याहून सांगलीला नवा फौजदार म्हणून हजर झालो होतो. अंगावर कोरा खाकी पोशाख आणि डोक्यात कायद्याची पुस्तकं. ठाण्यातले हवालदार जुने, संस्थानी वळणाचे. ते मला अदबीनं ‘साहेब’ म्हणत आणि मग स्वतःला हवं तेच करत.

गावाबाहेर एक मोठा माळ होता. तिथं अधूनमधून एखादं लहान विमान उतरायचं. माळाच्या अलीकडे चार खोल्यांचं एक लॉज होतं. लोक त्याला ‘विमानाचं लॉज’ म्हणत, पण विमानानं जाणारा उतारू तिथं क्वचितच यायचा. विमान बघायला आलेले लोक चहा पिऊन जायचे, त्यावरच ते चालत होतं. त्या गुरुवारी मात्र खरोखरचा उतारू आला होता.

शिराळ्याकडचा गडी. लढाईत पलटणीत मेकॅनिक होता. त्याला आफ्रिकेत एका रेल्वे कारखान्यात नोकरी लागली होती, पण बोलावण्याचं पत्र टपालात रखडलं आणि बोट सुटायला एकच दिवस उरला. शुक्रवारी दुपारी मुंबईहून बोट. ती चुकली तर जागा दुसऱ्याला जाणार. नशिबानं एका व्यापाऱ्याचं खासगी विमान शुक्रवारी पहाटे मुंबईला निघणार होतं आणि त्यात एक जागा रिकामी होती. म्हणून हा आपल्या आईला घेऊन आदल्या दिवशीच लॉजवर मुक्कामाला आला.

दिवेलागणीला तो धावतच ठाण्यात आला. ट्रंकेतला फेटा गेला होता.

“फेट्यासाठी एवढं?” ठाणे अंमलदार म्हणाला.

“फेटा जाऊ द्या हो. घडीत पासपोर्ट आन् नोकरीचा कागद व्हता. कोटाच्या खिशात चोर पयला हात घालतो, म्हनून मी फेट्यात गुंडाळला.” तो माझ्याकडे वळला. “सायब, एक इनंती हाय. आयेला ह्यातलं काय कळू देऊ नका. ती लगीच अंथरूण धरंल.”

मला ते पटलं. मी लॉजवर गेलो तेव्हा म्हातारी आतल्या खोलीत मुलासाठी दशम्या बांधत बसली होती. तिला तशीच बसू दिली आणि बाहेर लॉजमालकापासून पाणक्यापर्यंत एकेकाला हटकायला सुरुवात केली.

खबर समोरच्या पानवाल्यानं दिली. दिवस मावळायच्या आधी लॉजचा वाढपी काखेत काहीतरी धरून मागच्या दारानं गेला आणि हात हलवत परत आला. हवालदारानं माझ्या कानाशी तोंड आणलं. “हे जुनं गिऱ्हाईक हाय, सायब. देवळातली समई चोरली म्हणून आत जाऊन आलाय.”

झालं. माझ्या मनात खटला तिथंच निकाली निघाला.

वाढपी पन्नाशीच्या आसपासचा, किडकिडीत, उजव्या पायानं थोडा लंगडणारा. त्याला ठाण्यात आणून बसवलं.

“फेटा नेलास?”

“न्हेला.”

एवढी सरळ कबुली मला अपेक्षित नव्हती. “कुठं विकलास?”

“इकला न्हाई. चोरला बी न्हाई. ठेवून आलोय.”

“कुठं?”

“ते सांगता यायचं न्हाई. शपत हाय.”

“कुणाची?”

त्यानं मान खाली घातली. मी पुन्हा विचारलं, ओरडून विचारलं, आणि मग माझा हात उठला. तो भेलकांडला, सावरून बसला, आणि म्हणाला, “मारा सायब. पर शपत मोडायची न्हाई.” मला वाटलं, मुरलेला चोर आहे. कोवळ्या फौजदाराला समोरच्याचा निगरगट्टपणा आणि समोरच्याची निष्ठा यांतला फरक कळत नाही, आणि मला तर तेव्हा काहीच कळत नव्हतं.

जबाब घ्यायची रीत मात्र मी पक्की शिकलो होतो. जबाब लिहायचा, वाचून दाखवायचा, मग अंगठा घ्यायचा. हवालदारानं लिहिलं आणि वाचलं, “सदर फेटा मी अज्ञात ठिकाणी लपवून ठेवला आहे.”

अंगठ्याला शाई लावलेली असताना वाढप्यानं हात मागे घेतला.

“‘लपवून’ खोडा, सायब. नुस्तं ‘ठेवला’ लिवा.”

“अरे, काय फरक पडतो?” हवालदार खेकसला.

“लय फरक पडतो. मी लपवलं न्हाई. ठेवलं.”

मी हवालदाराला हातानं थांबवलं. गालावर माझ्या बोटांचे वळ असताना हा माणूस थपडेची तक्रार करत नव्हता, एका शब्दासाठी हुज्जत घालत होता. ठेवलं, ठेवलं... आणि एकदम मला माझी आई दिसली. मी नाशिकला ट्रेनिंगला निघालो तेव्हा वार चांगला नव्हता. म्हणून आदल्या दिवशी तिनं माझं उपरणं, त्यात सुपारी आणि तांदूळ बांधून, वाटेवरच्या एका ओळखीच्या घरी पोचवलं होतं. म्हणजे चांगल्या वारी माझं निघणं झालं, दुसऱ्या दिवशी मी फक्त ते उचलून पुढे जायचं. आमच्याकडे त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. प्रस्थान कुणी नेत नाही, पाठवत नाही. ते ठेवतातच.

“हवालदार, उद्या वार कोणता?”

“शुक्रवार, सायब.” तो थबकला. त्याच्या घरीही आई होतीच. “शुक्रवारी मावळतीकडं निघत न्हाईत.”

आणि मुंबई मावळतीकडे.

मी वाढप्याकडे पाहिलं. त्याचे खांदे सैल पडले.

वाढप्याला आणि म्हातारीच्या मुलाला घेऊन आम्ही तडक लॉजवर गेलो. म्हातारी दिव्याजवळ बसली होती. मी दारातच वाकून विचारलं, “मावशी, मुलाचं प्रस्थान कुठं ठेवलंत?”

तिनं चमकून वाढप्याकडे पाहिलं. “तू सांगितलंस व्हय रं?”

“नाही मावशी,” मी म्हणालो. “यानं मार खाल्ला, पण सांगितलं नाही.”

“मार? कुनी मारलं?”

मी मारलं, असं सांगताना माझे कान तापले. म्हातारी उठून उभी राहिली. “आवं, म्या शपत घातली त्याला! ह्यो माझा ल्योक असल्या गोष्टीला हसतो. कळलं असतं तर फेटा माघारी आनून टाकला असता. म्हनून म्हनलं, कुनाला बोलू नगंस. मला इचारायचं की वं! म्या हितंच तर बसलीया!”

म्हातारीचं खरं होतं. पाणक्याला विचारलं, पानवाल्याला विचारलं, फक्त तिला विचारलं नाही.

फेटा माळाच्या वाटेपासून थोडा आडबाजूला, मारुतीच्या देवळाच्या गुरवाकडे होता. पोरगा पळत सुटणार, तेवढ्यात आईनं वाट अडवली. “बघून ये. पर मागं आनायचा न्हाई! ठेवलेलं परत आनलं तर निघनं मोडतं.”

“आये, पासपोर्ट हाय त्यात!”

“आसंल. म्हनून काय झालं?”

दोघं माझ्याकडे बघू लागली. कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी निकाल दिला: कागद जागेवर पाहायचे, फेटा तिथंच राहू द्यायचा, आणि सकाळपर्यंत गुरवाच्या ओसरीवर एक शिपाई बसवायचा. प्रस्थानाला पोलीस बंदोबस्त देणारा फौजदार मीच पहिला असेन. हवालदार मिशीत हसत होता. त्या दिवसापासून त्यानं माझे हुकूम ऐकायला सुरुवात केली.

फेट्याच्या घडीत कागद सुखरूप होते, शेजारी सुपारी आणि चिमूटभर तांदूळ. गंमत म्हणजे आम्ही पोलीस मुळात मध्ये पडलोच नसतो, तरी सकाळी जाताजाता आईनं तो फेटा त्याला उचलायला लावलाच असता.

ठाण्यात परतून मी जबाबातला ‘लपवून’ हा शब्द माझ्या हातानं खोडला, शेजारी सही केली आणि वाढप्याला पुन्हा वाचून दाखवलं. मग सगळ्यांसमोर म्हणालो, “माझं चुकलं.” ते दिवस असे होते की अधिकाऱ्यानं हे म्हणायची रीत नव्हती. शिपाई भिंतीकडे बघू लागले. वाढपी म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, सायब. आता ठीक लिवलंय.”

पहाटे मीही माळावर गेलो. वाटेत गुरवाच्या दारात पोरग्यानं फेटा उचलला. तो बांधायला त्यानं वाढप्यालाच पुढे बोलावलं आणि बांधून झाल्यावर आईच्या पाया पडला, हसला मात्र नाही. विमान आवाज करत माळावरून उचललं गेलं तेव्हा म्हातारीनं मला विचारलं, “पडत न्हाई न्हवं?”

“छे, छे,” मी जन्मात कधी विमानात न बसलेल्या माणसाच्या खात्रीनं सांगितलं.

“पडंल कसं,” तीच म्हणाली. “रीतीनं निघालाय.”

त्याला बोट मिळाली. तसं पत्र लॉजवर आलं आणि वाढपी ते दाखवायला मुद्दाम ठाण्यात आला.

पुढे मोठमोठे तपास केले. पण प्रत्येक ठिकाणी आधी आत कोण बसलंय ते बघायची आणि त्या माणसाला पहिलं विचारायची सवय मला त्या लॉजनं लावली. आणि जबाब देणारा एखाद्या शब्दावर अडला की मी लेखणी थांबवू लागलो. हात तर पुन्हा कधी उचलला नाही.

सांगलीहून माझी साताऱ्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधत होतो, तेवढ्यात दारात वाढपी उभा.

“सायब, उद्याचा वार तुमच्या वाटंला चालत न्हाई. काय तरी द्या, ठेवून येतो.”

मी खुंटीवरचा कोट काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो नीट घडी करून काखेत धरला आणि लंगडत गल्लीबाहेर गेला. तो दिसेनासा झाल्यावर मला आठवलं की बदलीचा हुकूम त्याच कोटाच्या खिशात आहे. मी पुन्हा सामान बांधायला बसलो.