कढईचा फोटो

मी अकरावीत असताना दादाचं लग्न झालं आणि राहनाळची वहिनी आमच्या टेमघरच्या घरी आली. माझ्यापेक्षा थोडीच मोठी. पहिल्या आठवड्यातच तिने मला सांगून टाकलं, की सगळ्यांसमोर ती मला ताई म्हणेल आणि आम्ही दोघीच असलो की तिच्या माहेरी लहान बहिणीला म्हणतात तसं बाय.

त्याच सुमारास कॉलेजातला एक हसरा मुलगा मला आवडायला लागला होता. सुरुवातीला तो रोज घरी पोचलीस का विचारायचा, त्याचं मला कौतुक वाटायचं. मग पोचल्याचा फोटो मागू लागला. मग व्हिडिओ कॉल, खोलीत कोण कोण आहे ते फोन फिरवून दाखवायचं. मैत्रिणींशी बोललेलं त्याला चालेना. फोन उचलायला उशीर झाला की शिव्या, आणि थोड्या वेळाने रडून माफी. एकदा धामणकर नाक्यावर मी वर्गातल्या मुलांसोबत शेअर रिक्षात बसले, तर त्याने मनगट धरून मला खाली ओढलं. घरी मी पडले म्हणून सांगितलं. त्याचं माझ्यावर फार प्रेम आहे म्हणून असं होतं, अशी मीच माझी समजूत घालत होते.

एका संध्याकाळी वहिनी वांग्याची भाजी परतत होती. मी घरीच आहे हे दाखवायला घाईघाईने कढईचा फोटो काढून त्याला पाठवला. मला भाजी आवडली असं वाटून ती खूश झाली. तेवढ्यात फोन वाजला. हा जुना फोटो असेल, पुन्हा काढ, तुझा हात दिसू दे, असं तो ओरडत होता आणि ते तिलाही ऐकू गेलं. तिने गॅस बंद केला. रागावली नाही.

"बाय, त्याचा फोन आला की तुला बरं वाटतं, का भ्या वाटतं?"

मला रडूच आलं. मग सगळं सांगितलं. सोडून गेलीस तर आपल्या दोघांचे फोटो तुझ्या बाबांना पाठवीन, ही त्याची धमकीही सांगितली. घरी कळलं तर कॉलेज बंद होईल, याचीच मला जास्त धास्ती होती. वहिनी म्हणाली, त्याने पाठवायच्या आधी आपणच सांगू.

आईला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. ती माझं मनगट हातात घेऊन बसून राहिली. बाबा मात्र भडकले. आता कॉलेज पुरे, म्हणाले. वहिनी एरवी त्यांच्यासमोर फारशी बोलत नसे. त्या दिवशी ती पुढे आली.

"बाबा, आज हिला घरात बसवलं, तर पुढं कधी काय झालं तरी ही आपल्याला सांगणार न्हाय."

बाबा जेवले नाहीत, पण सकाळी माझ्यासोबत कॉलेजला आले. वर्गाच्या बाईंनी त्याचे मेसेज पुसू नकोस असं सांगितलं आणि आम्हाला समुपदेशक बाईंकडे नेलं. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. फोटो पसरवले किंवा पुन्हा हात लावला तर पोलिसांत तक्रार होईल, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. नंतर त्याने अनोळखी नंबरांवरून फोन करून पाहिले. मी ते लपवले नाहीत, वर्गाच्या बाईंना दाखवले. मग तो थांबला.

तरी मला त्याची आठवण यायची आणि आठवण येते याची लाज वाटायची. समुपदेशक बाई म्हणाल्या, आठवण येऊ दे. आठवण आली म्हणून परत जावं लागत नाही.

वहिनी रविवारी दादाची स्कूटर मागून घेऊ लागली. राहनाळच्या गोदामांमागचे रस्ते त्या दिवशी जरा मोकळे असतात. चालवता तिलाही येत नव्हती. एकीने चालवायची, दुसरीने मागून धरून पळायचं. एकदा दोघीही बसलो आणि थेट मातीच्या ढिगात गेलो. खरचटलेले गुडघे घेऊन घरी आलो, तेव्हा बाबांनी हळदीचा डबा पुढे केला आणि विचारलं, "कोण चालवत होतं?"

आम्ही एकमेकींकडे बोट दाखवलं.