सोन्याच्या पिनेची वायर

आमच्या मालकांचं नाव त्रिंबक. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी नाव घेत नाय, पण कुणाबद्दल बोलतेय ते तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून एकदा घेतलं. आता पुन्हा विचारू नका. माणूस लई सरळ. व्यसन नाय, कुणाशी भांडण नाय. एकच खूळ, आवाजाचं. लग्नात आम्ही पंगतीला बसलेले असायचो आणि ह्यांचं ध्यान भोंग्याकडं. "माईक चरकतोय," म्हणायचे. अहो चरकू द्या, तुम्ही जेवा की. पण नाय, हात धुऊन तिकडं पळणार.

आम्ही पडेगावचे. सासऱ्यांपर्यंत सगळी मेंढरांमागं हिंडलेली माणसं. वाळूजला कारखाने आले तसे मालक तिकडं मशीनवर लागले आणि उरलेली मेंढरं माझ्या गळ्यात पडली. सुट्टीच्या दिवशी ह्यांचा दुसरा धंदा, भोंगा भाड्यानं द्यायचा. लग्न असो, उरूस असो, नामांतराची सभा असो, सांगावा आला की सायकलला भोंगा बांधून निघाले. ते दिवस वाईट होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं का नाय, ह्यावरून एका पाणवठ्यावरची माणसं एकमेकांशी बोलंना झाली होती. "त्यांच्या सभेला भोंगा कशाला देतो रं?" म्हणून भावकी टोचायची. मालक म्हणायचे, "भोंग्याला जात असती व्हय?" आणि निघून जायचे. असल्याच एका सभेत त्यांना पुंडलिक भेटला. भावसिंगपुऱ्याचा, भीमगीतांच्या पार्टीत गाणारा, आणि कारखान्यात ह्यांच्याच पाळीला. दोघंही आवाजाचे येडे, मग काय, गट्टी जमली.

माझे सासरे मल्हारराव. मी त्यांना मामा म्हणायची, मालक आबा म्हणायचे. मामा बिरोबाची ओवी म्हणायचे. ओवी एकट्यानं म्हणायची गोष्ट नाय. म्हणणारा कानावर हात ठेवून ओळ सोडतो आणि शेजारी बसलेला झेलकरी ती झेलून लांबवतो. तेवढ्यात म्हणणारा दम खातो, पुढची ओळ त्याच्या तोंडात येते. मामांचे झेलकरी कडुबाभाऊ, आमच्या भावकीतलेच. मामांची ओळ सुटायच्या आधी कडुबाभाऊंचा गळा तयार असायचा.

त्या वर्षी दिवाळीपासून मामांचा आवाज घोगरा झाला. घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं तर गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणले, गाठीसंगं आवाजाची पेटीच काढावी लागंल, जीव राहील पण बोलणं जाईल. मालक बाहेर येऊन लिंबाखाली बसले आणि तोंडाला रुमाल लावून रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. संक्रांतीनंतरच्या सोमवारी मामांना भरती करायचं होतं, त्याच्या आत त्यांची ओवी टेपवर घ्यायची.

आमच्या बारक्या टेपवर एकदा घेऊन बघितली. ऐकली तर मामांच्या आवाजाखाली सारखी घूं घूं. मालक म्हणले, "वायर हलकी हाय. ह्यानंच घात केला."

झालं. गेले गुलमंडीला. दुकानदारानं काचेतून एक वायर काढून दाखवली. जाडजूड, मऊ, दोन्ही टोकांना सोन्याचं पाणी दिलेल्या पिना. म्हणला, परदेशातून येती, बंगल्यातले लोक हीच नेतात, हिच्यातून आवाज दुधासारखा येतो. आता आमच्या माणसांची खोड सांगते. मेंढी घ्यायची तर आम्ही दात बघू, पण भरवसा हाताचा. पाठीवर हात ठेवायचा, भरलेली लागली की जनावर चांगलं. मालकांनी वायरीवर तसाच हात फिरवला. भरलेली लागली. दुसऱ्या दिवशी माझी गाभण मेंढी बाजारात गेली आणि वायर घरात आली.

मी कपाळावर हात मारला. म्हणलं, "माझ्या कानात पितळ आणि वायरीच्या कानात सोनं. बरं हाय तुमचं." मालक हसले नाय. म्हणले, "आबांचा आवाज पुन्हा भेटणार हाय का तुला?" मेंढीचं दुःख होतं, पण त्यांचं खोटं नव्हतं.

मग सुरू झाली नुसती तालीम. मेंढरं लांब नेऊन बांधली. कोंबड्या झाकल्या. मला भांड्याला हात लावायची बंदी. आणि कडुबाभाऊंना सांगितलं, "तुम्ही बसा, पण तोंड उघडू नका. मला आबांचा निव्वळ आवाज पाहिजे." कडुबाभाऊ बसले, तोंड वाकडं करून. मामांनी पहिली ओळ सोडली. कुणी झेलली नाय. मामांनी इकडं तिकडं बघितलं, दुसरी ओळ कशीबशी म्हणले आणि थांबले. "पुढं, आबा," मालक म्हणले. मामा म्हणले, "पुढचं येईना. झेलाबिगर कसं यावं?" मालकांना वाटलं, म्हातारा दमला. आणि टेप ऐकला तर घूं घूं जशीच्या तशी. सोन्याच्या पिनेनं एवढासुद्धा गुण दिला नाय. मालकांनी जेवण केलं नाय त्या दिवशी.

संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलल्याचं जाहीर झालं. कुठं गुलाल उडाला, कुठं दारं लागली, रस्त्यानं पोलिसांच्या गाड्या. बाहेर पडायला माणसं भीत होती. तशात रविवारी सकाळी पुंडलिक आपला मोठा टेप पोत्यात गुंडाळून सायकलवर आला. उद्या मामांची भरती, ते त्याला ठाऊक होतं. अंगणात कडुबाभाऊ बसले होते. पुंडलिकाला बघितलं आणि उठले. "ह्यो इथं बसणार असंल तर मी बसत नाय," म्हणले. मालक त्यांच्या पाया पडले. आज एवढं करा, झेल द्या, आबांच्या आवाजाचा शेवटचा दिवस आहे म्हणले. कडुबाभाऊंनी चपला घातल्या आणि गेले. मला अजून त्याचा राग आहे, माणूस मेला तरी आहे.

पुंडलिक म्हणला, "दादा, मी टेप ठेवून जातो. त्यांना बोलवा." मामा अंगणातल्या खाटेवरून म्हणले, "कुठं जातो? बस खाली."

वायरी जोडल्या. घूं घूं सुरूच. मालक गुडघ्यावर बसून वायरीला हात जोडायचे तेवढे राहिले. मला हंडा घेऊन आत जायचं होतं आणि वाटेत लाईटीची वायर आणि माईकची वायर, एकमेकींना वेटाळून पडलेल्या. मालकांनीच नीटनेटकं दिसावं म्हणून सुतळीनं बांधल्या होत्या. मी सुतळी तोडली आणि लाईटीची वायर पायानं भिंतीकडं सरकवली. मला काय त्यातलं कळत नाय, मला फक्त वाट पाहिजे होती. पण घूं घूं थांबली.

"बघ," मालक माझ्याकडं बघून म्हणले, "शेवटी सोन्यानं गुण दाखवला." पुंडलिकानं खाली मान घातली. म्हणला, "दादा, माईकला मघापासून तुमची जुनी वायर हाय. नवी माझ्या मांडीखाली हाय. म्हणलं, बदलून बघावं." मामा हसायला लागले, त्या घोगऱ्या आवाजात, खोकला येईपर्यंत. मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मेंढीचं नाव माझ्या ओठावर आलं होतं, मी गिळलं.

राहिला झेल. मामा पुंडलिकाला म्हणले, "तू दे." तो म्हणला, "मला बिरोबाची येत नाय, बाबा." मामा म्हणले, "मी सोडतो, तू नुसती धर." पहिल्या दोन ओळी त्यानं आपल्या गीताच्या चालीत धरल्या, वाकड्यातिकड्या. तिसरी जमली. मग मामांच्या अंगात वारं शिरलं. मेंढरं मध्येच ओरडली, माझा हंडा वाजला, कुणाला त्याचं काही नाय. बिरोबाचा जन्म झाला, बिरोबा वाढला, बिरोबा रानात निघाला. गळा फाटायला आला तरी मामा थांबंनात, आणि ते थांबंनात तोवर पुंडलिक पण थांबंना. शेवटी मामांनी हात खाली ठेवला. मग उठाउठ झाली, टेप बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाय, पट्टी संपून तो आपोआप थांबला. दुसऱ्या दिवशी आम्ही मामांना घाटीत नेलं.

ऑपरेशन नीट झालं. मामा घरी आले, गळ्याला पांढरी पट्टी, बोलणं बंद. काय पाहिजे ते हातानं सांगायचे. मला कळायचं नाय, मग चिडायचे, मग तोंड फिरवून झोपायचे. आठवड्यानं पुंडलिक टेप घेऊन आला. मालकांनी मामांना भिंतीला उशी लावून बसवलं आणि टेप सुरू केला. कुडापलीकडं कडुबाभाऊ येऊन उभे राहिलेले मला दिसले. आत आले नाय.

ओवी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. मामा डोळे मिटून ऐकत होते. ओवी संपली. कुणी खोकलं, खाट करकरली, कुणी पातेलं सरकवलं. मालक टेप बंद करायला वाकले आणि त्यातून मामा बोलले, नेहमीसारखं, जरा वैतागून:

"सुगंधे, पुंडलिकाला बाहेर काय बसवलंस? आत घे. आन् च्या टाक."

"व्हय मामा," म्हणून मी उठले. चुलीपाशी पोचले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मागं वळून बघितलं. मामा माझ्याकडंच बघत होते. डोळ्यातून पाणी चाललं होतं, आणि हातानं मला खूण करत होते, की टाक.